हिरड्याच्या जिभेनं निवडलेला हॉप

मी बिअर बनवते आणि बिअर पीत नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता ते म्हणताना माझा चेहरा आपोआप तलाठ्यासारखा होतो. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, "मग चव कशी कळते?" चव तोंडात घ्यायची, फिरवायची आणि बेसिनमध्ये थुंकायची. नोकरी लागली तेव्हा आईला शब्द दिला होता की घशाखाली थेंब जाणार नाही. तोंड घशाच्या वर असतं, ही पळवाट मी शब्द देतानाच शोधून ठेवली होती.

गोष्ट पाच-सहा वर्षांपूर्वीची. नारायणगाव सोडून नाशिककडं निघालं की हायवेला लागून आमचं हॉटेल आहे. मासवडी आणि झणझणीत रस्सा ही त्याची ख्याती. लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरून आलेली कुटुंबं पुढच्या हॉलमध्ये मासवडीला बसतात, आणि मागच्या हॉलमध्ये बसणारे वेगळे. मालक, म्हणजे आमचे शेठ, मूळचे टोमॅटोच्या व्यापारातले. पुण्यात कुणीतरी त्यांना काचेआडच्या टाक्या दाखवल्या आणि तिथंच बनलेली बिअर पाजली. शेठ तिथून जे भारावून आले ते वर्षभरात परवाना काढूनच थांबले. हॉटेलमागच्या गोदामात स्टीलच्या टाक्या बसल्या. मी तेव्हा जवळच्याच एका वाइनच्या कारखान्यात, लॅबमध्ये काम करायचे. मला बोलावून शेठ म्हणाले, "मॅडम, आता तुमी आन् ह्या टाक्या."

जोडीला जुन्नरचे एक चाचा होते, साठीला आलेले. आयुष्यभर वेल्डिंगचं दुकान चालवलेला माणूस. टाक्यांचे पाइप, वाफेचा बॉयलर, वाफेचा दाब दाखवणारं गेज, सगळं त्यांच्या हातचं. तेही न पिणारे. शेठ पाहुण्यांना मोठ्या हौसेनं सांगायचे, "आमच्याकडं बियर बनवणारी बाई पीत न्हाई, बॉयलरवाले चाचा पीत न्हाईत. सगळा भार माझ्या एकट्यावर." चाचा शांतपणे उत्तर द्यायचे, "हलवाई कुठं आपली मिठाई खातो, शेठ?"

माझं गाव आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वर, एसटी जिथून मागं वळते तिथं. आई तिथं एकटी असते. भाताची दोन खाचरं, उतारावर नाचणी, आणि उन्हाळ्यात हिरडा. माझी सुट्टी मंगळवारी, कारण रविवारी हॉटेलात उभं राहायला जागा नसते. सोमवारी दुपारी निघायचं, मंचरला गाडी बदलायची, घोडेगावला बदलायची, दिवस मावळायच्या आत घर गाठायचं. बुधवारी पहिल्या गाडीनं परत. आई गाव सोडायला तयार नव्हती आणि मी तिला सोडून लांब जायला तयार नव्हते. आमच्या दोघींचा हट्ट सारखाच, त्यामुळं भांडणही होत नव्हतं.

बिअर बनवणाऱ्याला नोकऱ्या पुष्कळ मिळतात, पण त्या बंगळूरला नाहीतर गुरगावला. आईपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर बिअरची टाकी असणं हे माझं नशीब होतं. ही नोकरी गेली असती तर आई मला दिवाळीला आणि फार तर गणपतीत दिसली असती. म्हणून टाक्यांमध्ये काही बिघडलं की मी रात्रभर गोदामात बसून राहायचे. शेठना वाटायचं, मॅडम कामावर फार जीव लावतात. जीव लावत होते हे खरं, पण तो टाक्यांवर नव्हता.

गावात आईनं सांगून ठेवलं होतं की पोरगी सरबताच्या कारखान्यात कामाला आहे. मी एकदा विचारलं, "खोटं कशाला बोलतेस गं?"

"खोटं काय त्यात? गोड पानीच उकळता न्हवं तुमी?"

"उकळतो. पण नंतर—"

"नंतरचं मला सांगू नगंस. तू तुझं काम कर. मला बाया-बापड्यांत उठाय-बसाय लागतंय."

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. पदवीधर झालेली गावातली मी पहिली मुलगी, आणि माझं काम माझ्याच आईला चारचौघीत सांगता येत नव्हतं.

आता हॉपविषयी थोडं सांगायला हवं. बिअरला चार गोष्टी लागतात: जव, पाणी, यीस्ट आणि हॉप. हॉप ही एका वेलीची फुलं. थंड मुलखातली वेल आहे. आपल्याकडं ती फुलं येतात वाळवून, कुटून, दाबून, शेळीच्या लेंड्यांएवढ्या हिरव्या गोळ्या करून, चकचकीत पाकिटात. जवाच्या गोड रसात त्या उकळायच्या. रस गोड, हॉप कडू. दोघांचं जमलं तर बिअर, नाही जमलं तर काढा. हॉपच्या जाती तांदळासारख्या, एकीचा गुण दुसरीत नाही. शेठनी तीन मागवल्या होत्या: जर्मनीचा मॅग्नम, अमेरिकेचा कॅस्केड आणि चेक मुलखातला साझ. मॅग्नम कडूपणाला जबर. कॅस्केडला पपनसाची साल सोलल्यासारखा वास. साझ सौम्य, ओल्या गवतासारखा, पटकन लक्षात न येणारा.

"मॅडम, हॉटेलचा मसाला कसा एकच आसतो, तशी बियर बी एकच ठिवायची," शेठ म्हणाले. "ह्या तिनातला एक निवडा. लोकांना बसली तर बसली. न्हाई बसली तर टाक्या काढून टाकू, पुण्यावरनं पिंपं मागवू. इकडं गोदाम मोकळं व्हईल."

हे ते हसत म्हणाले. टोमॅटोच्या बाजारात मी लहानाची मोठी झाले नाही, पण व्यापारी हसत बोलतो तेव्हा ते मनावर घ्यायचं असतं, एवढं मला कळत होतं.

निवडायची पद्धत मी माझी काढली. तीन सारखी पातेली, प्रत्येकात सारखाच जवाचा रस, प्रत्येकात एकेक जातीचा हॉप, तासभर उकळी. यीस्ट नाही, म्हणजे दारू नाही. गाळून गार केलं की आपल्याला निवांत घोट घेता येतो, थुंकायचीही गरज नाही. आईला दिलेला शब्द शाबूत. या पद्धतीवर मी बेहद्द खूश होते.

त्या दिवसांत माझा घसा धरलेला होता. जव भरडताना गोदामात बारीक धूळ उडते, ती घशात बसते. त्यावर आईचा एकच उपाय, बाळहिरडा. हिरड्याचं कोवळं फळ, आत आठळी धरायच्या आधी झाडावरून काढलेलं, उन्हात वाळून काळं आणि सुरकुतलेलं. आई ते अंगणात पसरते आणि अधूनमधून मूठभर उचलून कानाशी हलवते. खुळखुळ वाजलं तर वाळलं, नाहीतर परत उन्हात. त्यातली निवडक फळं फडक्यात बांधून दर मंगळवारी माझ्या पिशवीत जायची. एक फोड गालात धरली की दुपारपर्यंत पुरते. नवख्या माणसाचं तोंड त्यानं वाकडं होतं, तुरटपणानं जीभ गोळा होते. आम्ही डोंगरातली माणसं ते पाळण्यापासून चाखलेली. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

पातेल्यांच्या दिवशीही फोड गालात होती. घोट घ्यायच्या आधी मी ती काढून ठेवली, एवढी शास्त्रशुद्ध मी होते. साझचा घोट घेतला, तर निव्वळ गोड पाणी. कॅस्केड घेतला, वास छान, पण कडूपणाचा पत्ता नाही. मॅग्नम घेतला, तेव्हा कुठं जिभेला काहीतरी लागलं. पुस्तकात मॅग्नमचं प्रमाण दिलेलं होतं. माझ्या जिभेला ते लाजरंबुजरं वाटलं.

चाचांना बोलावलं. त्यांनी मॅग्नमच्या पातेल्यातला एक चमचा तोंडात घातला आणि दाढीपर्यंत तोंड कडवट केलं.

"ताई, हे तर फार कडू पडलं."

"चाचा, तुमची जीभ शीरखुर्म्याची. तुम्हाला चहासुद्धा कडू लागतो."

"लागतो खरा," चाचा म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

मी मॅग्नम निवडला आणि पुस्तकातल्या प्रमाणाच्या दीडपट टाकला. पुस्तक लिहिणाऱ्याला आमच्या रश्श्याची काय कल्पना, असंही वर मनाशी म्हणाले. नंतर दोन आठवडे टाकीतली बिअर रोज चाखत होते, थुंकत होते, आणि रोज स्वतःवर खूश होत होते.

पहिला ग्लास शेठनी भरला. त्यांनी ओळखीचे दहा-बारा जण जेवायला बोलावले होते, द्राक्षवाले, टोमॅटोवाले, एक बोरी बुद्रुकचे वयस्क शेतकरी. समोर मासवडीची ताटं. शेठनी मोठा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी बोलले ते बोरीचे पाव्हणे. त्यांनी ग्लास उजेडात धरला, निरखला आणि विचारलं, "शेठ, बियर हाय का कडुलिंबाचा पाला उकळलाय? आमी काय आजारी हाय का, राव?"

सगळे हसले. मग एकेकानं रश्श्याचा भुरका मारला आणि वर घोट घेतला, आणि हसणं थांबलं. तिखटावर कडू पडलं की तिखट आणखी पेटतं. दोघांनी ताक मागवलं. एकानं तर ग्लास तसाच ठेवून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठ गोदामात आले. मोठ्यानं बोलले नाहीत, ते जास्त वाईट. त्यांनी स्वतःच कारण शोधून आणलं होतं. "गेज चुकलंय. वाफ जास्ती लागून रस पार आटला आसणार. चाचांचं वय झालं, मॅडम. पुण्यावरनं बॉयलरचा दुसरा माणूस बघतो, मग नवी बॅच लावू."

चाचा तिथंच पाना हातात धरून उभे होते. ते मान खाली घालून गेज पुसत राहिले. मी गप्प बसले. गेज चुकलंय असं मला वाटत नव्हतं, पण चुकलं नसेलच असंही छातीठोक सांगता येत नव्हतं, आणि शेठच्या बोलण्यात माझी नोकरी सुखरूप होती. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत अर्थासकट पाठ केली होती. त्या दिवशी अंगण वाकडं ठरत होतं आणि मी बघत उभी होते. याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी घरी गेले. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि भाकरी टाकायला बसली. मी ओट्यावर हिरड्याची फोड चघळत बसले. तहान लागली म्हणून माठातलं पाणी घेतलं.

"काय गोड पाणी आहे गं," मी म्हणाले. नारायणगावच्या खोलीतल्या पाण्यापुढं गावचं पाणी मला नेहमीच गोड लागायचं, आणि मी त्याचं कौतुक नेहमीच करायचे.

आई तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "हिरड्यावरचं पानी गोडच लागनार की. ल्हानपनी तू हिरडा खायाची न्हाईस, तर तुला ह्यीच लालूच दावायची मी. आंदी हिरडा, मग साखरंचं पानी. इसारलीस?"

मी तांब्या खाली ठेवला. मला अगदी हातभर अंतरावर ती तीन पातेली दिसली, आणि चाचांचं कडवट झालेलं तोंड. फोड गालातून काढली होती मी, पण जिभेवरून कशी काढणार? दोन आठवडे रोज चाखत होते तीही हिरड्याच्या जिभेनंच. जगातल्या कुठल्याही बिअर बनवणाऱ्यानं ही चूक केली नसती, कारण त्यांच्या आयांनी त्यांना हिरडा दिलेला नसतो.

मी आईला सगळं सांगितलं. टाकी, हॉप, बोरीचे पाव्हणे, चाचा. नंतरचं तिला ऐकायचं नसतं हे विसरून नंतरचंही सांगितलं. तिनं तवा उतरवला आणि हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

"म्हंजी माझ्या हिरड्यानं घात केला व्हय तुझा?"

"हिरड्यानं नाही गं. माझ्या शहाणपणानं."

"आन् त्यो म्हातारा इनाकारन गेला."

"अजून गेला नाही."

"मग हितं काय बसलीस?" आई म्हणाली. "उद्याची सुट्टी ऱ्हाऊ दे. सकाळच्या गाडीनं जा."

माझ्या पिशवीतली हिरड्याची पुरचुंडी तिनं काढून घेतली आणि फडताळात ठेवली. त्या जागी मिठाची पुडी घातली, गुळण्या करायला. मंगळवारी सकाळी ती एसटीपर्यंत आली, आणि गाडी वळेपर्यंत एकदाही माझ्याकडं न बघता उभी राहिली. तिच्या मनाला लागलं होतं. मला मात्र भीती वाटत होती ती पुढच्या मंगळवारांची.

शेठ गल्ल्यावर होते. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. गेज बरोबर आहे, वाफ बरोबरच होती, हॉप मी निवडला, जास्त मी टाकला, आणि का, तेही. हिरड्याचं ऐकून शेठ नोटा मोजायचे थांबले.

"म्हंजे चूक तुमची."

"माझी."

"सांगितलं नसतं तर मला काय कळत नव्हतं, मॅडम."

"माहिती आहे."

त्यांनी नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग म्हणाले, "चाचांना सांगा, ऱ्हावा म्हणावं. आन् तुमची एकच बॅच. ती बी कडू झाली तर मग माझा न्हाइलाज."

चाचांची माफी मागायला गोदामात गेले. ते बॉयलरजवळ डबा उघडून बसले होते. मी बोलत असताना त्यांनी जेवण थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "मी त्या दिवशीच बोललो होतो, ताई. तुम्ही शीरखुर्मा काढला."

"चुकलं माझं, चाचा."

"आता ईदला घरी या. शीरखुर्मा खायला या. हिरडा मात्र घरी ठेवून." आणि डब्यातली अर्धी पोळी मला दिली. ती खाताना मला रडू आलं. चाचा गेज बघायला उठून गेले, हे त्यांचं सौजन्य.

नऊ दिवस मी हिरडा तोंडात घातला नाही. घसा खरवडून निघत होता. पातेली पुन्हा कधी ठेवणार, ते मधल्या सुट्टीत आईला सांगून आले होते. चाचांनी भरडायच्या यंत्रावर ओलं गोणपाट बांधून दिलं, तेव्हा धूळ निम्मी झाली. हे आधी का सुचलं नाही, असं दोघांनाही वाटलं.

दहाव्या दिवशी, मी पुन्हा तीन पातेली ठेवत असताना, हॉटेलचा वेटर सांगत आला की बाहेर तुमची आई आलीय. मला खरं वाटेना. नोकरी लागल्यापासून ती कधी आली नव्हती, मीही कधी बोलावलं नव्हतं. गोदामाच्या दाराशी ती उभी होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी. दोन गाड्या बदलून आली होती.

"कुठं काम करतीस ते दाव," ती म्हणाली.

मी टाक्या दाखवल्या. तिनं हात लावला नाही, फक्त वर बघितलं. मग पातेल्यांपाशी थांबली. "ह्यात दारू हाय?"

"नाही. नुसता जवाचा रस आणि वेलीची फुलं."

"शपथ?"

"तुझी शपथ."

तिनं पिशवीतून घरची वाटी काढली. ज्या घरात दारू शिजते तिथल्या भांड्याला तोंड लावायचं नाही, म्हणून स्वतःची वाटी घेऊन आलेली. मला हसू आलं, ते मी लगेच गिळलं. वाटी पुढं धरून ती म्हणाली, "घाल. माझ्या हिरड्यानं नासलं, तर आता माझ्या जिभंनं बघू दे. चार दिस झालं, मी बी हिरडा खाल्ला न्हाई."

यावेळी मी शहाणी झाले होते. स्वयंपाकघरातून मासवडी आणि रस्सा मागवला. आधी मासवडीचा तुकडा रश्श्यात बुडवून खायचा, मग घोट. बिअर काही कुणी देवघरात बसून पीत नाही, ती ताटाबरोबर पितात, हे मला बोरीच्या पाव्हण्यांनी शिकवलं होतं. आई, चाचा आणि मी, तिघं न पिणारे, टाकीखाली पाट मांडून मासवडी खात बसलो.

मॅग्नमचा घोट आईनं कसाबसा गिळला. "ह्यो तापावर द्यायचा काढा हाय. माण्साला बरं वाटत आसताना कशाला द्यायचा?"

कॅस्केडला चाचा खूश झाले. "वा, पपनस!" त्यांना हाच हवा होता. शेठनाही हाच हवा होता, पुण्यात सगळे हाच मागतात असं त्यांच्या कानावर होतं. आईनं पुन्हा रश्श्याचा भुरका मारला, पुन्हा घोट घेतला. "वास ब्येस हाय. पर रश्शाबर भांडतंय. दोघं बी मोठ्यानं बोलत्यात."

साझची वाटी तिनं दोनदा भरून घेतली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ह्यो गप ऱ्हातो. रस्सा खाली उतरला, की मागनं जरा कडू लागतंय, आन् तोंड साफ व्हतंय. मला ह्यो बरा वाटला. पर मला काय कळतंय त्यातलं? मी नाचनी पिकवनारी बाई. तुझं तू ठरव."

मी पुन्हा एक तुकडा खाल्ला आणि साझचा घोट घेतला, तो साझ जो मागच्या वेळी मला निव्वळ पाणी वाटला होता. आता तो पाणी नव्हता. मंद कडू होता, आणि रश्श्यानं पेटलेली जीभ त्यानं निवत होती. चाचा कॅस्केडकडं झुकलेले, शेठ कॅस्केडकडं झुकलेले, आणि चुकलं तर बंगळूरला अर्ज पाठवायचा, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी साझ निवडला. प्रमाण पुस्तकातलं, एक गोळी इकडं नाही की तिकडं नाही.

शेठना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "पुण्यात साझ कुणी मागत न्हाई, मॅडम."

मी म्हणाले, "पुण्यात आपल्यासारखा रस्सा कुणी करत नाही, शेठ."

त्यांनी खांदे उडवले. आईनं वाटी राखेनं घासून घेतली, राख कुठून मिळवली देव जाणे, आणि पिशवीत टाकून दुपारच्या गाडीनं गेली.

मग वाट बघणं. यीस्टला घाई चालत नाही. मी रोज चाखत होते, पण आता स्वतःवर खूश होणं सोडून दिलं होतं. रोज चाचांनाही वास द्यायचे, ते नाकाशी धरून मान हलवायचे. दोनदा बंगळूरच्या नोकऱ्या मोबाइलवर बघितल्या आणि दोन्हीदा मोबाइल उपडा ठेवला.

बिअर तयार झाली तेव्हा शेठनी यावेळी पाहुणे बोलावले नाहीत. नुसती मागच्या हॉलमध्ये ताटाबरोबर ठेवली. बोरीचे पाव्हणे मात्र आपणहून आले होते, बहुतेक आणखी एकदा थट्टा करायच्या तयारीनं. त्यांनी मासवडी खाल्ली, घोट घेतला, आणखी मासवडी खाल्ली, आणखी घोट घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. जेवण झालं, ग्लास रिकामा झाला, आणि त्यांनी वेटरला नुसता ग्लास उचलून दाखवला, आणखी एक. वाहवा कुणीच केली नाही. लोक जेवत राहिले, पीत राहिले, आणि कुणी ताक मागवलं नाही. रात्रीच्या जेवणाआधीच शेठ गोदामात आले, एका टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ह्या इथंच. गोदामाचं दुसरीकडं बघू." एवढंच. मी मान डोलावली आणि ते गेल्यावर चाचांना सांगायला धावले.

त्यानंतरच्या सोमवारी घरी गेले. आईला सांगितलं, राहिली नोकरी. ती "बरं झालं" म्हणाली आणि लुगड्याच्या पदरानं उगाच चूल पुसायला लागली. मंगळवार आमच्या नेहमीच्या मंगळवारासारखा गेला.

बुधवारी सकाळी एसटीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. शेजारच्या दोघी बायका घोडेगावला निघाल्या होत्या, त्याही तिथंच होत्या. आईनं माझी पिशवी तपासली. हिरड्याची पुरचुंडी आत परत आली होती, वर दोन गाठी. "सुट्टीच्या दिशी खा. कामावर न्हाई," असं तिनं बजावलं. मग स्वतःच्या पिशवीतून ती घरची वाटी काढली आणि माझ्या पिशवीत तळाशी सरकवली.

"ही कशाला?"

"तितंच ठिव. दर बारीला कुठं वागवत बसू? तुझ्या जिभंचा काय भरवसा न्हाई. म्हयन्यातनं एकांदी चक्कर मारीत जाईन मी."

शेजारच्या बायकांतल्या एकीनं कान टवकारले. "कुठं गं जानार दर म्हयन्याला?"

मी आईकडं बघितलं नाही. सरबत येणार हे मला माहीत होतं, आणि मला त्याचं आता तेवढं वाईटही वाटणार नव्हतं. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. आईनं पदर सारखा केला.

"पोरीच्या बियरच्या कारखान्यात," ती म्हणाली. "कडू किती घालायचं, त्ये मला इचारत्यात तितं."